बैठं घर, सहा गुंठे
(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी समारंभात केलेलं भाषण)



आपल्यातल्या तीन-चार घरांतली मुलं सध्या गावाकडे प्लॉटसकट जुनी बैठी घरं शोधताहेत. संध्याकाळी बाकावर मला कागद दाखवतात. म्हणून सेक्रेटरींनी हा विषय माझ्या गळ्यात घातला. मी बँकेत चौतीस वर्षं काढली, त्यातली निम्मी दुसऱ्यांच्या घरांचे कागद तपासण्यात. पण आज सांगणार आहे ते स्वतःच्या चुकीबद्दल.

1988 साली माझी बदली सांगलीला होती. विश्रामबागेत एक घर विकायला निघालं. सहा गुंठे, म्हणजे साडेसहा हजार चौरस फूट जागा आणि मधोमध चार खोल्या. मंगलोरी कौलं, शहाबादी फरशी. सौ.ला अंगण आवडलं, मला आंब्याची दोन झाडं. मन आधीच ठरवतं, कारणं आपण मागाहून शोधतो.

घर मात्र मी नीट पाहिलं. मुद्दाम भर पावसात पाहिलं, कारण उन्हाळ्यात सगळीच घरं कोरडी असतात. जमीन काळी. ही माती पावसात फुगते, उन्हात आकसते आणि खिडकीच्या कोपऱ्यापासून भिंतीला तिरक्या भेगा पडतात. त्या होत्या. गवंड्याने वासे टोचून वाळवी पाहिली. सरकारी मोजणी केली, तर शेजाऱ्यांचं कुंपण दोन फूट आत निघालं. ते चहावर मिटलं.

कागदही स्वच्छ. तीस वर्षांचा सर्च घेतला, बोजा नाही. प्रॉपर्टी कार्डावर वडिलांच्या मागे दोन भावांची नावं. वकील म्हणाले, "पेपरात जाहीर नोटीस देऊ या." भाऊ म्हणाले, "साहेब, कशाला? गावात बोभाटा होईल." आणि मी गप्प बसलो! दुसऱ्या कुणाचं कर्जप्रकरण असतं तर नोटिशीशिवाय फाईल पुढे सरकू दिली नसती. एकवीस हजार विसार देऊन मोकळा झालो.

पंधरा दिवसांनी गवंड्याला घेऊन गेलो, तर आंब्याखाली साठीच्या एक बाई उभ्या. म्हणाल्या, "मी या घरातली थोरली. तुम्हीच घेताय का?" त्यांना ही बातमी भाजीवालीकडून कळली होती. कार्डावर वारस लावताना भावांनी बहिणीचं नावच दिलं नव्हतं.

घर वडिलांनी स्वतःच्या कमाईतून बांधलेलं, मृत्युपत्र नाही, आई आधीच गेलेली. अशा मिळकतीत मुलीचा, मग ती विवाहित का असेना, भावांइतकाच वाटा असतो. 1956 चा हिंदू उत्तराधिकार कायदा तेच सांगतो. हे मला तोंडपाठ होतं. फक्त "बहीण आहे का हो?" एवढं विचारायचं राहिलं होतं.

अक्का भांडल्या नाहीत. "पैशाचं जाऊ दे, पण मला कुणी विचारलंसुद्धा नाही," एवढंच म्हणाल्या. त्या रात्री मला झोप नाही. भावांचा निरोप आला: हक्कसोडपत्रावर तिची सही आणतो, तुम्ही लक्ष घालू नका. सही मिळालीही असती. पण सौ. म्हणाली, "रोज त्या अंगणात सडा मला घालायचाय."

मी सांगून टाकलं, अक्का विकणाऱ्या म्हणून खरेदीखतात हव्यात आणि तिसरा हिस्सा त्यांच्या नावे चेकने. धाकटा माझ्या अंगावर धावून आला. नऊ महिने व्यवहार अडला, भावांनी पंधरा हजार वाढवून मागितले. सौ.च्या पाटल्या गेल्या. त्या मी पुढे दोन वर्षांनी करून दिल्या, पण वजनाला हलक्या. ती अजून ऐकवते.

नोंदणीच्या दिवशी पहिली सही अक्कांची. सही करून त्या रिक्षाने घरी आल्या आणि मागच्या दारचा आईचा पाटा-वरवंटा तेवढा मागितला. पाटा उचलायला दोन माणसं लागली. त्यांतला एक धाकटा भाऊ होता.

त्या घरात आम्ही चोवीस वर्षं राहिलो. अक्का असेपर्यंत दर मे महिन्यात आंब्याची एक पेटी त्यांच्याकडे जायची. 2013 साली घर विकून मुलाजवळ, इथे आलो. घेणाऱ्याच्या वकिलाने फाईल चाळून पहिलाच प्रश्न केला, "बहिणी किती होत्या?" मी अक्कांची सही दाखवली.

तर मंडळी, कागद घेऊन उद्या संध्याकाळी बाकावर या. येताना घरातल्या लेकीबाळींची नावं लिहून आणा. चहा आलेला दिसतोय, थांबतो.