कुलूपबंद घरं आणि भाड्याची खोली

कोकणातल्या नाटे गावात भाडेकरूंवर व्याख्यान कशाला, असं काहींच्या मनात आलं असेल. भाडेकरू म्हणजे मुंबईचा, ही आपली समजूत. ती अगदीच चुकीची नाही. कोकणातल्या गावांनी गिरणगावात सामाईक खोल्या घेतल्या होत्या. भिंतीला ट्रंका लावलेल्या, पाळी बदलेल तशी वळकटी बदलायची आणि भाडं वर्गणीतून. गिरणी कामगाराला तेवढ्या पगारात शहरात तग धरता आला, त्यात मुंबईच्या 1947च्या भाडेनियंत्रण कायद्याचा वाटा मोठा होता. त्या कायद्याने जुन्या घरांचं प्रमाण भाडं 1 सप्टेंबर 1940च्या पातळीला गोठवलं.

पण गोठवलं ते गोठवलंच. महागाई वाढली, भाडं जागच्या जागी. मालकांनी दुरुस्तीतून अंग काढलं, पागडी बोकाळली आणि 1969मध्ये पडक्या चाळींसाठी सरकारला दुरुस्ती मंडळाचा कायदा करावा लागला. अखेर 1997मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की भाडं गोठवणाऱ्या तरतुदी आता अवाजवी झाल्या आहेत. मग आला 1999चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 31 मार्च 2000पासून लागू. त्यात मालकाला वर्षाला 4 टक्के वाढ मिळाली. ही सोय पन्नास वर्षं आधी झाली असती तर अर्ध्या चाळी वाचल्या असत्या, असं माझं मत आहे.

हा कायदा मुळात परिशिष्टांत नावं असलेल्या शहर-गावांसाठी आहे. इतर भागांना तो लावायचा तर राज्य सरकारने अधिसूचना काढायला हवी. म्हणजे ग्रामपंचायतीने उद्या ठराव केला, की गावात खोलीचं भाडं अमुकच, तर तो न्यायालयात टिकणार नाही. बर्लिनने 2020मध्ये शहरापुरती भाड्याला कमाल मर्यादा घातली होती. पुढच्याच वर्षी, एप्रिल 2021मध्ये, जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयाने ती रद्द केली. कारण एवढंच, की हा अधिकार बर्लिनचा नव्हता. एवढ्या मोठ्या शहराची ही गत, तर आपली काय कथा!

मग करायचं काय? त्याआधी आपल्याकडे खोली शोधतं कोण, ते पाहू. बदलीवर आलेला शिक्षक, आरोग्यसेविका, बँकेतला कर्मचारी, 1 ऑगस्टला मासेमारी सुरू झाली की येणारे खलाशी, आंब्याच्या बागा राखणारे नेपाळी. आणि माडबनचा प्रस्तावित अणुऊर्जा प्रकल्प शेजारी आहे. 9,900 मेगावॅटचा तो प्रकल्प यावा की नको, यावर तुमची मतं तुम्हाला ठाऊक आणि त्यापायी इथे झालेलं आंदोलनही. पण असं बांधकाम सुरू झालं की हजारो माणसं खोल्या शोधत येतात आणि पहिला बाहेर पडतो तो आधीचा गरीब भाडेकरू.

खरी मौज अशी, की घरं आहेत. गणपतीला आणि शिमग्याला उघडणारी, एरवी कुलूपबंद. विचारा, की का देत नाही भाड्याने? उत्तर ठरलेलं: "कूळ लागेल." खोती गेली, 1957च्या कृषकदिनाने जमीन कसणाऱ्याची झाली, ते योग्यच झालं. पण त्याची धास्ती आपण घराच्या उंबऱ्यावर आणून ठेवली. घराला कूळकायदा लागत नाही. शिवाय सामाईक घर, चार भाऊ चार गावी, सही कोणी करायची हा घोळ वेगळाच.

ग्रामपंचायतीने हात घालायचा तो इथे. 'लिव्ह अँड लायसन्स' करार 11 महिन्यांचा करा नाहीतर तीन वर्षांचा; मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या पाव टक्का, ग्रामीण भागात नोंदणी फी 500 रुपये आणि नोंदणी ऑनलाइन होते. मालकाला मुदत मिळते, भाडेकरूला ठरलेलं भाडं. कागद नसेल तर मासिक भाडेकरूला 15 दिवसांच्या नोटिशीवर घर सोडायला सांगता येतं, हे कित्येकांना माहीतही नसतं. पंचायतीच्या संगणकावर हा करार करून द्यायची सोय ठेवा. आकारणीच्या नमुना 8मध्ये मालकाबरोबर भोगवटादाराचाही रकाना असतो. तो कोरा सोडू नका.

दुसरी गोष्ट, खोल्या बांधा. व्हिएन्ना महापालिकेने पहिल्या महायुद्धानंतर श्रीमंतांवर चढा घरकर लावून हजारो घरं बांधली आणि आजही तिच्या मालकीची दोन लाखांहून अधिक घरं आहेत. आपण व्हिएन्ना नव्हे. पण ग्रामपंचायती व्यापारी गाळे बांधून लिलाव करतातच की! त्याच माडीवर आठ खोल्या चढवल्या आणि भाडं दुरुस्तीच्या खर्चापुरतं ठेवलं, तर बाजारातल्या भाड्यालाही आपोआप लगाम बसेल. खलाशांसाठी संडास-न्हाणीघर असलेली निवासी खोली ही बंदराच्या खर्चातली पहिली बाब असायला हवी, शेवटची नव्हे.

प्रकल्पासाठी कुणीही जमीन, पाणी किंवा ना-हरकत मागायला आला, तर कामगारांची घरं तो आधी आणि स्वतःच्या खर्चाने बांधणार का, हे लेखी मागा. काम सुरू झाल्यावर मागून काही मिळत नाही.

1 मेची ग्रामसभा तोंडावर आली आहे. विषयपत्रिकेत भाडेकराराची सोय आणि पंचायतीच्या खोल्या, एवढे दोन विषय लिहून द्या आणि त्या दिवशी भाडेकरूंनाही सभेला घेऊन या.