धर्म सोडणाऱ्या एकट्या माणसाचा प्रश्न

(व्याख्यानाचा संपादित मजकूर)



छत्रपती संभाजीनगरच्या छावणीत ख्राइस्ट चर्च आहे. त्याच शहरात पाणचक्कीच्या आवारात बाबा शाह मुसाफिर यांचा दर्गा आहे आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या संस्थेने 1950 मध्ये सुरू केलेले मिलिंद महाविद्यालयही आहे. शहराबाहेर पडून वेरूळच्या वाटेला लागले की देवगिरीचा किल्ला, खुलताबादच्या सूफींच्या कबरी, कैलास लेणे आणि घृष्णेश्वर ओळीने येतात. दक्षिणेला पन्नासेक किलोमीटरवर नाथांचे पैठण. इतक्या उपासनापरंपरा इतक्या थोड्या भूमीत शेजारी नांदल्याची उदाहरणे थोडीच सापडतील. म्हणूनच धर्मप्रचार, धर्मांतर आणि परस्परांविषयीचे वैर यांचा विचार करण्यास ही भूमी योग्य आहे.

ख्रिस्ती धर्मप्रचार म्हटला की हिंदू समाजाच्या डोळ्यांपुढे वनवासी पाडे आणि दुष्काळी गावे उभी राहतात. ते स्वाभाविकही आहे. परंतु मिशनऱ्यांनी या देशातील मुसलमानांमध्येही दोनशे वर्षे प्रचार केला, ही गोष्ट फारशी चर्चिली जात नाही. आग्रह धरणारे दोन धर्म समोरासमोर आले तेव्हा काय घडले, आणि त्यात माणसाचे काय झाले, हे पाहणे हिंदू समाजासाठीही बोधप्रद आहे.

प्रारंभ हेन्री मार्टिन यांच्यापासून करावा लागतो. 1806 मध्ये ते ईस्ट इंडिया कंपनीचे धर्मोपदेशक म्हणून बंगालमध्ये आले. त्यांनी नवा करार उर्दूत आणला आणि 1812 मध्ये तुर्कस्तानातील तोकात येथे, वयाच्या अवघ्या एकतिसाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. त्यांच्या उपदेशाने प्रभावित झालेले शेख सालिह 1811 मध्ये बाप्तिस्मा घेऊन अब्दुल मसीह झाले आणि पुढे आग्र्यास प्रचारक म्हणून राहिले. त्यानंतर आले जर्मन मिशनरी कार्ल फांडर. ‘मीझान-उल्-हक’ हा त्यांचा ग्रंथ इस्लामच्या खंडनासाठीच लिहिलेला होता. एप्रिल 1854 मध्ये आग्रा येथे फांडर आणि मौलाना रहमतुल्ला कैरानवी यांच्यात दोन दिवस जाहीर वाद झाला. कैरानवी यांच्या साहाय्यास डॉ. वझीर खान होते. युरोपातील विद्वानांनीच बायबलच्या पाठांची जी चिकित्सा केली होती, तिचा आधार घेऊन त्यांनी फांडर यांना अडचणीत आणले. ठरलेले सर्व विषय चर्चेला आलेच नाहीत. वाद मध्येच थांबला आणि दोन्ही पक्षांनी आपलाच जय झाला असे सांगितले.

या वादाचे फलित काय? कैरानवी 1857 च्या संग्रामानंतर मक्केस गेले. पुढे त्यांनी ‘इझहार-उल्-हक’ हा ग्रंथ लिहिला. ख्रिस्ती मताच्या खंडनासाठी तो मुस्लीम जगतात पुढे दीर्घकाळ आधारभूत मानला गेला. दुसरीकडे, फांडर यांच्या विरोधात आग्र्यास प्रवचने देणारे मौलवी इमादुद्दीन हे 1866 मध्ये अमृतसर येथे स्वतःच ख्रिस्ती झाले. लक्षात घेण्याजोगे हे की ते वादसभेत हरून ख्रिस्ती झाले नाहीत. त्या वादाला तेव्हा बारा वर्षे लोटली होती. माणसाची श्रद्धा बदलते ती एकांतात. वादसभेत बदलतो तो फक्त आवाज.

मुंबईतही हेच चित्र होते. 1829 मध्ये आलेले डॉ. जॉन विल्सन हिंदू, पारशी आणि मुसलमान या तिघांशीही वाद घालीत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात चर्च मिशनरी सोसायटीने मुंबईच्या मुसलमानांत काम करण्यासाठी जानी अली यांना पाठविले. ते स्वतः मुस्लीम घराण्यात जन्मलेले, मच्छलीपट्टणच्या मिशन शाळेत शिकलेले आणि पुढे केंब्रिजचे पदवीधर झालेले. विद्वत्ता, भाषा, समाजाची ओळख, काहीही कमी नव्हते. तरीही मुसलमान समाज मोठ्या संख्येने चर्चकडे वळला नाही.

मराठवाड्यातील स्थिती याहून बोलकी आहे. येथे राज्य निजामाचे, म्हणजे राज्यकर्ता मुसलमान. छावणी मात्र इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालील फौजेची. या औरंगाबादेत चर्च मिशनरी सोसायटीचे काम रतनजी नवरोजी यांनी दीर्घकाळ चालविले. ते जन्माने पारशी. जवळच जालन्याला रेव्हरंड नारायण शेषाद्री होते. ते जन्माने ब्राह्मण, मुंबईत 1843 मध्ये ख्रिस्ती झालेले. निजामाचे दिवाण सर सालारजंग यांच्याकडून मिळालेल्या जमिनीवर त्यांनी जालन्याजवळ ‘बेथेल’ ही ख्रिस्ती वसाहत उभारली. मुसलमान राज्यकर्त्याच्या दिवाणाने दिलेली जमीन, ब्राह्मण कुळात जन्मलेला मिशनरी, आणि तेथे वसलेले लोक कोण? प्रामुख्याने मांग आणि महार समाजातील कुटुंबे. मुसलमानांमधून आलेली माणसे तुरळकच राहिली.

असे का झाले, हा खरा प्रश्न आहे. धर्मग्रंथ तोच होता, उपदेशकही तेच होते. फरक होता तो ऐकणाऱ्यांच्या परिस्थितीत. गावकुसाबाहेर ठेवलेल्या माणसाला ख्रिस्ती होताना गमावण्यासारखे थोडे होते. त्याला शाळा, जमीन आणि माणूस म्हणून मिळणारी वागणूक दिसत होती. तो बहुधा एकटाही जात नसे, भाऊबंदकीसह जात असे. मुसलमान माणूस मात्र एकटा निघे, आणि घर, वारसा, विवाह, बिरादरी हे सर्व एका दिवसात मागे टाकून निघे. पहिल्या वस्तुस्थितीची जबाबदारी मिशनऱ्यांवर ढकलून हिंदू समाजाला मोकळे होता येणार नाही. आपल्याच बांधवांना पाणवठ्यावर येऊ न देणाऱ्या समाजाने ते दुसरीकडे पाणी प्याले म्हणून रोष धरणे न्यायाचे नाही. येवल्याला 1935 मध्ये धर्मांतराची घोषणा करून डॉ. आंबेडकरांनी 1956 पर्यंत, म्हणजे एकवीस वर्षे, विचार केला. या काळात समाजाने काय केले, हा प्रश्न आजही शिल्लक आहे.

आता दुसऱ्या वस्तुस्थितीकडे वळू. धर्म सोडणाऱ्या एकट्या माणसाची किंमत कायद्यानेही ओळखली होती. 1850 मध्ये इंग्रज सरकारने असा कायदा केला की, धर्म किंवा जात सोडल्यामुळे कोणाचा वारसाहक्क बुडणार नाही. या कायद्याला त्या वेळी हिंदू पुढाऱ्यांनीही मोठा विरोध केला होता, हे विसरता कामा नये. शिवाय हा कायदा इंग्रजी मुलखापुरता होता; निजामाच्या राज्याला तो लागू नव्हता.

स्त्रियांची कहाणी तर अधिक हृदयद्रावक आहे. हनफी परंपरेत छळणाऱ्या किंवा परागंदा झालेल्या पतीपासून स्त्रीला सुटका मिळणे जवळजवळ अशक्य होते. मात्र तिने इस्लाम सोडला तर विवाह आपोआप संपतो, असे न्यायालये मानीत. म्हणून विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, विशेषतः पंजाबात, काही मुस्लीम स्त्रिया ख्रिस्ती होऊ लागल्या. त्यांना येशूची ओढ होती की नरकयातनांतून सुटण्याची, हे सांगण्यास तत्त्वज्ञ नको. उलेमा अस्वस्थ झाले. मौलाना अशरफ अली थानवी यांच्यासारख्या विद्वानांनी मालिकी परंपरेतील तरतुदी स्वीकारण्याचा मार्ग दाखविला. त्यातून 1939 चा मुस्लीम विवाहविच्छेद कायदा झाला. पती चार वर्षे बेपत्ता असणे, दोन वर्षे पोटगी न देणे, क्रूरता, अशा कारणांसाठी पत्नीला घटस्फोट मागता येऊ लागला; त्याचबरोबर केवळ धर्मत्यागाने विवाह संपणार नाही असेही ठरले. धर्मांतराने समाजासमोर आरसा धरला, समाजाने तो पाहिला आणि आतून दुरुस्ती केली. ही दुरुस्ती कोणत्याही वादसभेपेक्षा मोलाची होती.

पण सर्वांनी असा मार्ग घेतला नाही. जमात-ए-इस्लामीचे संस्थापक मौलाना मौदूदी यांचा जन्म याच औरंगाबादचा, 1903 चा. इस्लामी कायद्यानुसार धर्मत्यागाची शिक्षा मृत्यू आहे, असे प्रतिपादन करणारी स्वतंत्र पुस्तिका त्यांनी लिहिली. ज्या शहराच्या आसमंतात इतके पंथ शेजारी राहिले, तेथे जन्मलेल्या विद्वानाने हे लिहावे, ही खेदाची गोष्ट आहे. त्याच वेळी हेही सांगितले पाहिजे की, पाकिस्तानचे माजी सरन्यायाधीश एस. ए. रहमान यांनी 1972 मध्ये ग्रंथ लिहून या मताचे खंडन केले. कुराणात धर्मत्यागाला ऐहिक शिक्षा सांगितलेली नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. मुसलमान समाज म्हणजे एकच आवाज, असे मानणाऱ्यांनी हे दोन्ही वाचावे.

आणि हिंदू समाजाने स्वतःचेही एक पान वाचावे. जालन्याच्या नारायण शेषाद्रींचा धाकटा भाऊ श्रीपत हा अल्पवयीन मुलगा 1843 मध्ये मिशनऱ्यांकडे राहिला होता. वडिलांनी न्यायालयात दाद मागितली आणि न्यायालयाने मुलगा त्यांच्या स्वाधीन केला. मुलगा घरी आला, परंतु समाजाने दार उघडले नाही. त्याला प्रायश्चित्त देऊन परत घ्यावे म्हणून बाळशास्त्री जांभेकर उभे राहिले, तर सनातनी मंडळींनी बाळशास्त्रींनाच धारेवर धरले. जाणाऱ्याला थांबविता आले नाही आणि येणाऱ्याला घेताही आले नाही, अशी ही दुहेरी हानी होती.

मिशनऱ्यांनीही काही शिकले. मुसलमानांमधील प्रचाराचा विचार करण्यासाठी 1911 मध्ये लखनौस परिषद भरली. पुढे 1930 मध्ये लाहोरला हेन्री मार्टिन यांच्या नावाने एक संस्था निघाली. मुसलमानांत काम करणाऱ्या ख्रिस्ती प्रचारकांना तयार करणे हे तिचे प्रयोजन होते. ठिकाणे बदलत ती 1971 मध्ये हैदराबादला आली. आज ती संस्था ओळखली जाते ती इस्लामचा अभ्यास, आंतरधर्मीय संवाद आणि दंगलग्रस्त वस्त्यांतील सलोख्याच्या कामासाठी. सर्वच ख्रिस्ती पंथांनी हा मार्ग धरला, असे म्हणता येणार नाही. परंतु दुसऱ्याला जिंकण्यासाठी त्याचा अभ्यास करू गेलेले लोक अखेर त्याच्याशेजारी बसण्यास शिकले, ही घटना नोंद घेण्यासारखी आहे.

राज्यघटनेचा पंचविसावा अनुच्छेद सद्सद्विवेकाचे आणि धर्मप्रसाराचे स्वातंत्र्य देतो. 1977 च्या स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, आपल्या धर्माची तत्त्वे सांगण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा मूलभूत हक्क कोणालाही नाही. कारण सद्सद्विवेक ऐकणाऱ्याचाही असतो. बळ, कपट आणि आमिष यांना म्हणूनच जागा नाही. परंतु त्याच न्यायाने, समजून-उमजून निर्णय घेणाऱ्या माणसाला भाऊबंदांच्या धाकात ठेवणे यालाही जागा नाही, मग ते भाऊबंद कोणत्याही धर्माचे असोत.

पैठणच्या नाथांनी सोळाव्या शतकात ‘हिंदू-तुर्क संवाद’ रचला. त्यात दोघे कडाडून भांडतात, एकमेकांच्या श्रद्धेतील दोष काढतात, कोणी कोणाची भीड ठेवीत नाही. अखेरीस दोघांनाही आपल्या शब्दांमागचा एकच ईश्वर उमगतो आणि ते एकमेकांना आलिंगन देतात. हिंदू हिंदूच राहतो, तुर्क तुर्कच राहतो. नाथांचे गुरू जनार्दनस्वामी देवगिरीचे, आणि स्वामींचे गुरू चांद बोधले, अशी परंपरा आहे. आग्र्याच्या वादाच्या अडीचशे वर्षे आधी या मातीत वादाची दुसरी रीत माहीत होती.

तेव्हा समाजाने स्वतःला विचारण्याचे प्रश्न दोनच आहेत. आपल्यातून जो निघाला, तो का निघाला? आणि उद्या तो परत आला, किंवा दुसऱ्या घरातून कोणी एकटा, घाबरलेला माणूस दाराशी उभा राहिला, तर दार उघडणार कोण? 1843 मध्ये बाळशास्त्री एकटे पडले होते. तसे पुन्हा घडू नये, एवढी काळजी या पिढीने घ्यावी.