संशोधनाचे सॉफ्टवेअर: सोय आणि सुरक्षा

वैज्ञानिक संशोधनात वापरले जाणारे बरेचसे सॉफ्टवेअर प्रयोगशाळेतच, प्रबंधाच्या मुदतीच्या धाकाखाली लिहिले जाते, आणि लिहिणारे बहुधा संगणकशास्त्र शिकलेले नसतात. पदार्थविज्ञानाचा एखादा विद्यार्थी स्वतःपुरता प्रोग्राम लिहितो, शेजारचा गट तो मागून नेतो आणि काही वर्षांत अनेक संस्थांचे निष्कर्ष त्याच्यावर उभे राहतात. मूळ लेखक तोवर दुसऱ्याच नोकरीत रमलेला असतो. अशा सॉफ्टवेअरला सुरक्षेची गरज फारशी कोणाला जाणवत नाही. ताऱ्यांच्या वर्णपटांची चोरी करून कोणाला काय मिळणार, असे विचारले जाते. पण चोराला वर्णपट नकोच असतात, त्याला यंत्राची ताकद हवी असते.

हे मे 2020 मध्ये युरोपात दिसले. एडिंबरातील ‘आर्चर’ हा ब्रिटनचा तेव्हाचा राष्ट्रीय महासंगणक 11 मे रोजी वापरकर्त्यांसाठी बंद करावा लागला; त्याच आठवड्यात जर्मनीतील युलिश, श्टुटगार्ट आणि म्युनिक परिसरातील केंद्रांनीही प्रवेश थांबवला. एका प्रकरणात घुसखोरांनी संशोधनाच्या यंत्रांवर मोनेरो या कूटचलनाची कमाई चालवली होती. त्यांनी कोणतेही गणिती कूट फोडले नव्हते. दूरच्या यंत्रावर लॉगिन करण्यासाठीच्या शास्त्रज्ञांच्या एसएसएच खात्यांचे पासवर्ड आणि डिजिटल किल्ल्या त्यांच्या हाती लागल्या होत्या, आणि तेवढे पुरेसे होते. एकाच शास्त्रज्ञाची खाती चार केंद्रांत असतात. खासगी किल्लीची फाइल तो सोयीसाठी एखाद्या यंत्रावर ठेवून देतो, आणि दिवसातून दहादा टाइप करण्याचा कंटाळा म्हणून तिला पासवर्ड घालत नाही. मग एक यंत्र पडले की पुढची आपोआप पडतात. ‘आर्चर’च्या सर्व वापरकर्त्यांचे पासवर्ड आणि किल्ल्या बदलाव्या लागल्या.

या घटनांचा दोष वापरकर्त्यांच्या बेफिकिरीला देण्याची रीत आहे. ती सोपी आहे, आणि चुकीचीही. ऑग्युस्त केर्कहॉफ्स या भाषातज्ज्ञाने 1883 मध्ये लष्करी सांकेतिक पद्धतींसाठी सहा अटी मांडल्या. पद्धत शत्रूच्या हाती पडली तरी बिघडू नये, ही त्यांतली दुसरी अट प्रत्येक पाठ्यपुस्तकात असते. सहावी अट मात्र क्वचितच कोणी शिकवतो: पद्धत वापरायला सोपी हवी, तिच्यासाठी नियमांची लांबलचक यादी पाठ करावी लागू नये. जेरोम सॉल्टझर आणि मायकेल श्रोडर यांनी 1975 मध्ये संगणकसुरक्षेची आठ तत्त्वे सांगितली, त्यांतही वापरणाऱ्याच्या मनाला पटेल अशी रचना हे एक स्वतंत्र तत्त्व होते. म्हणजे सोय हा सुरक्षेचाच भाग आहे, हे जुनेच शहाणपण आहे.

ते विसरल्याची किंमत ‘ग्रिड’ने मोजली. सर्नच्या लार्ज हॅड्रॉन कोलायडरची आधारसामग्री जगभरच्या संगणककेंद्रांत वाटून तपासली जाते. मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था हे त्यांपैकी एक केंद्र. ‘ग्रिड’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या जाळ्यात ओळख पटवण्यासाठी प्रत्येक संशोधकाला एक्स-509 प्रकारचे डिजिटल प्रमाणपत्र घ्यावे लागे. ते मिळवायचे, ब्राउझरमधून बाहेर काढायचे, दुसऱ्या स्वरूपात बदलायचे, ठरलेल्या फोल्डरमध्ये अचूक परवानग्यांसह ठेवायचे आणि मुदत संपली की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. गणिताच्या दृष्टीने व्यवस्था भक्कम होती. पण बोसॉन शोधायला आलेल्या माणसाने हे सारे का शिकावे, या प्रश्नाला उत्तर नव्हते. प्रमाणपत्र सहकाऱ्याला देऊन टाकणे किंवा खासगी किल्ली वाटेल तिथे नकलून ठेवणे, या पळवाटा अशाच व्यवस्थेतून निघतात. पुढे रचनाकारांनी दिशा बदलली: संशोधकाने आपल्या संस्थेच्याच नाव-पासवर्डने आत यावे, प्रमाणपत्रांचा खटाटोप पडद्यामागे यंत्राने करावा. अमेरिकेतील ‘सीआयलॉगॉन’ ही सेवा या विचारातून उभी राहिली. भारतात इन्फ्लिबनेटचा ‘इन्फेड’ हा संघ त्याच तत्त्वावर विद्यापीठांना ई-ग्रंथालयांशी जोडतो. ग्रंथालयांसाठी जे जमते, ते प्रयोगशाळांच्या यंत्रांसाठीही जमायला हवे.

मूळ सेटिंगचे महत्त्व ‘जुपिटर नोटबुक’मधून कळते. पायथॉनमध्ये काम करणाऱ्या शास्त्रज्ञांचे हे आवडते साधन. सुरुवातीला त्याचा सर्व्हर पासवर्डाशिवाय चालू होई. कोणी तो इंटरनेटवर उघडा ठेवला की येणाऱ्या-जाणाऱ्याला त्या यंत्रावर हवी ती आज्ञा देता येई. 2016 च्या अखेरीस आलेल्या 4.3 आवृत्तीपासून सर्व्हर स्वतःच एक गुप्त टोकन तयार करू लागला. स्वतःच्या संगणकावर ब्राउझर ते टोकन घेऊनच उघडतो, त्यामुळे बहुतेकांना बदल झाल्याचे कळलेही नाही. सुरक्षेतील चांगले काम असेच असावे.

शत्रूशिवायही घात होतो. डिसेंबर 2021 मध्ये क्योतो विद्यापीठाच्या महासंगणकावर बॅकअपच्या स्क्रिप्टची सुधारित प्रत बसवण्यात आली. जुनी प्रत चालू असतानाच तिच्यावर नवी लिहिली गेली. चालती स्क्रिप्ट मध्येच बदलल्याने चलांना किंमतच उरली नाही, आणि जुन्या नोंदी पुसण्याची आज्ञा संशोधकांच्या फाइलींवर चालली. 14 संशोधनगटांची सुमारे 77 टेराबाइट सामग्री गेली, त्यांपैकी 4 गटांची परत आणता आली नाही. पुसण्याआधी ‘कुठे’ हे रिकामे आहे का, एवढे तपासणारी एक ओळ इथे पुरली असती. जनुकांच्या नावांचे प्रकरण याहून साधे. एक्सेलमध्ये ‘एसईपीटी2’ हे जनुकाचे नाव लिहिले की 2 सप्टेंबर उमटे. 2016 च्या एका पाहणीत, एक्सेलमध्ये जनुकयादी जोडलेल्या सुमारे पाचव्या हिश्शाच्या शोधनिबंधांत अशा चुका आढळल्या. अखेर 2020 मध्ये नामकरण समितीने अशा जनुकांचीच नावे बदलली. सॉफ्टवेअरपुढे शास्त्राने घेतलेली ही माघार होती.

आरोग्यसंशोधनात माणसांची खासगी माहिती असल्याने प्रश्न अधिक नाजूक होतो. भारताच्या 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात संशोधनाला सवलत आहे, पण ती ठरवून दिलेल्या मानकांच्या अटीवर. सुमारे 5 लाख स्वयंसेवकांची माहिती असलेल्या ब्रिटनच्या यूके बायोबँकेने ती माहिती जिथे आहे तिथेच विश्लेषण करण्याचे ऑनलाइन व्यासपीठ उभारले आहे. हा मार्ग योग्य वाटतो. मात्र व्यासपीठ संथ वा किचकट असेल, तर संशोधक फाइली पेनड्राइव्हवर नेण्याची जुनी वाट शोधतीलच.

राहिला देखभालीचा प्रश्न, आणि तो सर्वांत अवघड आहे. मार्च 2024 मध्ये ‘एक्सझेड’ या फाइली आटवणाऱ्या साधनात मुद्दाम पेरलेले चोरदार सापडले. ते साधन वर्षानुवर्षे एक थकलेला स्वयंसेवक सांभाळत होता, आणि मदतीच्या नावाखाली विश्वास मिळवलेल्या व्यक्तीने आत शिरकाव केला. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला एसएसएच लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतो हे खटकले, म्हणून ते उघडकीस आले. संशोधनाचे सॉफ्टवेअर अशाच शेकडो साधनांवर टेकलेले आहे. पुण्याजवळची महाकाय मीटरतरंग दुर्बीण तीस अँटेनांची आहे. लोखंडाला गंज चढू नये म्हणून तिथे माणसे नेमावी लागतात, हे कोणालाही पटते. कोडसाठी माणूस नेमायचा म्हटले की मात्र लेखाविभाग थबकतो.

म्हणून संशोधनसंस्थांनी पुढच्या प्रत्येक संशोधनप्रस्तावात सॉफ्टवेअरच्या देखभालीचा खर्च स्वतंत्र रकान्यात मागावा, त्यासाठी कायमचे पद निर्माण करावे, आणि परीक्षक म्हणून बसलेल्यांनी अंदाजपत्रकात कात्री लावताना पहिला हात त्या रकान्याला घालू नये.