कुणाचा रे तू?



पत्रिकेवर माझ्या व्याख्यानाचं नाव छापलंय, ‘संघर्षग्रस्त भागात बालहक्कांचं काम : एक करिअर’. नाव संयोजकांनी सुचवलं आणि मी फोनवर घाईत होकार देऊन बसले. पत्रिका घरी आली तशी शेजारच्या काकूंनी चष्मा पुसून ती वाचली आणि विचारलं, “अगं, पण पेणला कुठं लागलंय युद्ध?”

काकूंचा प्रश्न रास्त आहे. तसा आपल्या जिल्ह्याला लढा नवा नाही. अलिबागजवळ चरीच्या शेतकऱ्यांनी १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षं खोतांची जमीन कसायचं नाकारलं. इथं पेण तालुक्यात २१ सप्टेंबर २००८ला हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या बावीस गावांनी सेझसाठी, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्रासाठी, जमीन द्यायची की नाही, यावर रांगा लावून मत दिलं. तुमच्यापैकी काहीजण त्या रांगांत उभे असतील. पण त्या लढ्यांना नाव होतं, नेते होते, वर्तमानपत्रांत जागा होती. मी ज्या मुलांमध्ये काम केलं त्यांच्या घरावर दरसाल जे येतं, त्याला आपण संघर्ष म्हणत नाही. त्याला ‘उचल’ म्हणतात.

पेण, रोहा, सुधागड, सगळीकडच्या कातकरी वाड्यांवर श्रावण-भाद्रपद हे उपासाचे महिने. लावणी आटोपलेली, कापणी लांब, मजुरी नाही. इकडे आपण गणपतीच्या तयारीत असतो, तेव्हा तिकडे मुकादम वाडीवर येतो आणि काही हजार रुपये हातावर ठेवतो. दिवाळीनंतर ते फेडायला अख्खं कुटुंब टेम्पोत बसतं. कुणी जिल्ह्यातल्याच वीटभट्टीवर जातं, कुणी ठाण्याकडे, तर कोळशाच्या भट्ट्यांवर जाणारे थेट विदर्भ-कर्नाटकापर्यंत. परत येतात ते पावसाच्या तोंडावर. म्हणजे आत्ता, या वैशाखात, आपण पंख्याखाली बसलोय तेव्हा ती माणसं भट्टीवर आहेत. खैराच्या झाडापासून कात करायचे म्हणून ज्यांना कातकरी नाव पडलं, त्यांना पुढं रानच परकं झालं. सरकारदरबारी त्यांची नोंद विशेष असुरक्षित आदिम जमात अशी आहे. महाराष्ट्रात अशा तीनच जमाती : कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड.

भट्टीवर मजुरी हजार विटांवर मिळते. नवरा-बायको मिळून एक जोडी, हिशेब जोडीचा. पोर पहाटे उठून ओल्या विटा उभ्या करतं, पालटतं, दुपारी धाकटी भावंडं सांभाळतं. पण कुठल्याही वहीत त्याचं नाव नसतं. तुम्ही मालकाला विचारलंत तर तो म्हणेल, “मी पोरांना कामाला ठेवतच नाही.” आणि गंमत अशी, की तो खोटं बोलत नसतो. त्याने पोराला ठेवलेलंच नाही. हजारीच्या दराने ठेवून घेतलंय. चौदा वर्षांखालच्या मुलाला कामाला लावण्यावर कायद्याची बंदी आहे, १९८६च्या कायद्याला २०१६मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर तर जवळपास सगळ्याच कामांत. पण ज्याचं नावच वहीत नाही त्याला सोडवणार कुठून?

हे मला कळायला एक पोर खर्ची पडलं. ते आज सांगते.

नोकरीला लागून सहा महिने झाले असतील. समाजकार्याची पदवी ताजी, अंगात वारं भरलेलं. एका भट्टीवर नऊ-दहा वर्षांचा मुलगा विटा पालटताना दिसला. मी पोलिसांना घेऊन गेले, मुलाला ताब्यात घेतलं, बालकल्याण समितीपुढे उभं केलं आणि तो एका बालगृहात गेला. आमच्या अहवालात ‘एका बालकाची सुटका’ अशी ओळ आली. मला फार बरं वाटलं.

तो मुलगा तिथे महिनाभर बोलला नाही. त्याची आई तिसऱ्या दिवशी भट्टीवरून निघून, विचारत विचारत, कधी चालत, कधी कुणाच्या गाडीतून, बालगृहाच्या दारात पोचली. तिच्याकडे पोर तिचं असल्याचा एकही कागद नव्हता, म्हणून तिला आत सोडलं नाही. ती परत भट्टीवर गेली, कारण उचल फिटलेली नव्हती. धाकट्या मुलीला आता ती पाठीला बांधून विटा थापत होती, विटा कमी भरत होत्या, म्हणजे उचल आणखी लांबत होती. मी पुन्हा भेटले तेव्हा तिने मला शिवी दिली नाही. तिने विचारलं, “ताई, तू त्याला कोनाला दिलास?”

मंडळी, मी त्या बाईच्या नजरेत पोरं पळवणारी होते. त्या घटकेला ते खोटंही नव्हतं.

करायला हवं होतं ते दुसरंच. उचल देऊन माणसाला बांधून ठेवणं हा वेठबिगार निर्मूलन कायद्याखाली, १९७६पासून, गुन्हा आहे. तहसीलदार-प्रांतांकडे अर्ज करून, चौकशी लावून, अख्ख्या कुटुंबाला मुक्तीचा दाखला मिळवून द्यायचा असतो. तो मिळाला की उचल रद्द होते, कर्ज नावालाही उरत नाही. पण हे काम सावकाश चालतं, त्यात फोटो निघत नाहीत आणि अहवालात ते ‘एका बालकाची सुटका’ इतकं सुटसुटीत बसत नाही. त्या घरासाठी ते आम्ही पुढे केलं. मुलगा पाच महिन्यांनी घरी आला. आज बाल न्याय कायद्यात स्पष्ट लिहिलंय, की मुलाला संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय. मला हे कायद्याच्या आधी त्या बाईने शिकवलं होतं.

आपल्याकडे अनोळखी पोर बांधावर दिसलं, की म्हातारं माणूस पहिला प्रश्न काय विचारतं? ‘नाव काय?’ नाही. ‘कुणाचा रे तू?’ आमचा सगळा पेशा या तीन शब्दांत आहे. युद्धातही हाच प्रश्न आधी विचारावा लागतो. १९९४च्या रवांडाच्या नरसंहारानंतर एक लाखाहून जास्त मुलं आईबापांपासून तुटलेली अशी नोंदली गेली. रेडक्रॉस आणि युनिसेफच्या माणसांनी सुटकेचे थाटमाट केले नाहीत. त्यांनी मुलांचे फोटो काढून छावण्यांतून लावले. दूर दूरच्या छावण्यांतले आईबाप त्या फोटोंपुढे उभे राहून एकेक चेहरा निरखायचे. बोलता न येणाऱ्या तान्ह्यांचं सगळ्यात अवघड. कारण ‘कुणाचं’ हे त्यांना सांगता येत नाही, आणि चार वर्षांचं मूल आपल्या आईचं नाव ‘आई’ असं सांगतं.

आमच्या वाड्यांवर आईबाप शेजारी बसलेले असतात, तरी हा प्रश्न सुटत नाही. कारण कागद. कातकऱ्यांत पोर सोमवारी झालं तर सोम्या, बुधवारी झालं तर बुधी. शाळेत गुरुजी ‘सोमनाथ’ लिहितात, रेशनकार्डावर ‘सोमा’ असतो, आधारावर इंग्रजी स्पेलिंगने तिसराच कुणी. आणि जन्मतारीख १ जून. हसू नका, या सभागृहात साठीच्या पुढचे जे बसलेत त्यांनी जरा हात वर करावेत, किती जण १ जूनचे निघतात बघू! (सभागृहात हशा.) बघा! पण तुमच्या १ जूनने तुमचं लग्न मोडलं नाही की नोकरी गेली नाही. वाडीवरच्या मुलीचं तसं नसतं. तिचं लग्न ठरतं, मी धावत जाते, आणि कागदावर ती अठराची असते, कारण नाव घालताना कुणीतरी दोन वर्षं वाढवून लिहिली. मग बालविवाह सिद्ध करायला दाताचा डॉक्टर आणि क्ष-किरण लागतो.

तारखेचा हा घोळ किती लांब जातो ते सांगते. नेपाळमध्ये माओवाद्यांशी समझोता झाला, २००६. छावण्यांतल्या सैनिकांपैकी लहान कोण हे संयुक्त राष्ट्रसंघाने तपासलं. रेघ अशी : २५ मे २००६ला अठरा पूर्ण न झालेलं ते मूल. जन्मदाखले बहुतेकांकडे नव्हतेच. २,९७३ जण मुलं ठरली. त्यांना सोडायला २०१० उजाडलं. तोवर त्यांतली बहुतेक वयाने मोठी झाली होती. आणि त्यांना जो शिक्का मिळाला तो होता ‘अयोग्य’. सैन्यात घ्यायला अयोग्य, एवढाच त्याचा कागदोपत्री अर्थ. पण शब्द आपल्या भाषेतही तोच आहे, तेव्हा गावात परतलेल्या मुलीला तो कसा लागला असेल ते मी सांगायला नको. त्या शब्दावर त्या मुलांनी आंदोलन केलं. भट्टीवरच्या त्या मुलाबद्दल मीही ‘एका बालकाची सुटका’ असं लिहिलं होतं. शिक्का तोही.

आता तुम्ही म्हणाल, मग मुलांना उचलायचंच नाही का? जिथं जीवच धोक्यात आहे तिथं? उचलायचं, नक्की उचलायचं. पण बरोबर काय न्यायचं हे ठरवून. दुसऱ्या महायुद्धात कोल्हापूरजवळ वळिवडे इथं पोलंडच्या निर्वासितांची छावणी होती, १९४३ ते १९४८. पाच हजारांच्या आसपास माणसं, त्यांत बायका-मुलं जास्त, सैबेरियाच्या बाजूने इराणमार्गे आलेली. कोल्हापूरकरांनी त्यांना मराठी शिकवण्याचा घाट घातला नाही. छावणीत त्यांच्या भाषेच्या शाळा होत्या, त्यांचं चर्च होतं, त्यांचे शिक्षक होते. घर गेलं होतं, पण ‘कुणाचा’ या प्रश्नाचं उत्तर देणारी माणसं भोवती होती. ती मुलं म्हातारी झाल्यावर पोलंडहून वळिवड्याला येऊन गेली.

आपल्या मराठी माणसांनी काश्मीरच्या मुलांसाठी दोन वाटा धरल्या. पुण्याच्या ‘सरहद’ने, म्हणजे संजय नहारांनी, दहशतवादात पोळलेल्या मुलांना पुण्यात आणून शिकवलं. श्रीगोंदा तालुक्यातले अधिक कदम विद्यार्थी असताना काश्मीरला गेले आणि तिथलेच झाले. त्यांनी २००२मध्ये कुपवाड्यातच अनाथ मुलींसाठी घर काढलं. कुठली वाट बरोबर, यावर माझ्या क्षेत्रातली माणसं रात्रभर भांडू शकतात. माझा कल दुसरीकडे आहे, हे तुम्ही ओळखलंच असेल. पण ज्या मुलाच्या गावात शाळाच जळाली त्याच्यापुढे मी माझा कल मिरवणार नाही.

आपल्याजवळचंच बघा. वसईकडे ‘विधायक संसद’ या संस्थेच्या लोकांनी नव्वदच्या दशकात वीटभट्ट्यांवरच शाळा काढल्या, भोंगाशाळा. भोंगा म्हणजे मजुरांची खोपटी. मुलाला भट्टीवरून हलवण्यापेक्षा फळा भट्टीवर नेला. आपल्या जिल्ह्यात वैशाली पाटील, उल्का महाजन, सुरेखा दळवी यांनी वाडीच्या जमिनीचा आणि हक्काचा प्रश्न इतकी वर्षं लावून धरला. त्यांना कुणी ‘बाल संरक्षण’वाले म्हणत नाही. पण घराखालची जमीन नावावर असलेल्या बाईला मुकादमाला ‘नाय’ म्हणणं थोडं सोपं जातं.

करिअरबद्दल विचारणारी मुलं मागे उभी आहेत, त्यांच्यासाठी पटकन. मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्था, निर्मला निकेतन, पुण्यात कर्वे समाजसेवा संस्था, इथं समाजकार्याचं पदव्युत्तर शिक्षण मिळतं. १०९८ ही मुलांची हेल्पलाइन ‘टाटा’मधूनच १९९६मध्ये निघाली. पुढे जिल्हा बाल संरक्षण कक्ष, बालगृहं, स्वयंसेवी संस्था, आणि इंग्रजी बरं असेल तर युनिसेफसारख्या ठिकाणी सुदान-सीरियापर्यंत जाता येतं. जिल्ह्यातल्या बऱ्याच जागा कंत्राटी. पगाराच्या तारखेवर विसंबून लग्नाचा हॉल बुक करू नका. कायदा पाठ हवा, विशेषतः शिक्षण हक्क कायद्यातलं हे, की वयाचा पुरावा किंवा शाळा सोडल्याचा दाखला नाही म्हणून कुठलीही शाळा पोराला परत पाठवू शकत नाही. मुख्याध्यापकांशी न भांडता हे सांगता यायला हवं, कारण जूनमध्ये परत त्यांच्याच दारात जायचंय. स्कूटर चालवता यायला हवी. आणि संध्याकाळी घरी आल्यावर पोराची गोष्ट फेसबुकवर न टाकण्याची सवय हवी. त्याचं नाव गुप्त राखणं हे कायद्याने बंधनकारक आहे, फक्त सभ्यतेचा भाग नाही.

तो मुलगा? त्याचं विचारणार हे माहीत होतं. तो आता बाप्या झालाय. भट्टीवर जातो अजून, हे लपवत नाही. पण उचल न घेता, रोजावर. गेल्या पावसाळ्यात त्याचा फोन आला. मुलगी झाली होती, दवाखान्यात. दाखला कुठं मिळेल, म्हणून विचारत होता. मी सवयीने म्हटलं, “तारीख आठवते का? नाहीतर लिहितील मग १ जून.”

“ताई, कागद हाय माज्याकडं,” तो म्हणाला. आणि वाचून दाखवला, थांबत थांबत, अक्षर लावत. १७ ऑगस्ट. पहाटे चार वाजून दहा मिनिटं. वजन दोन किलो चारशे. आईचं नाव, बापाचं नाव, वाडीचं नाव. बाळाच्या नावाची जागा मात्र कोरी होती, ते अजून ठरत नव्हतं. वार मंगळवार होता, पण मंगळी नको म्हणत होती तिची आई.