विजांचा अलर्ट आणि पहाटेचा फुगा

मोबाईलवर ‘विजांसह पाऊस’ असा अलर्ट येतो ना? त्यामागे आकाशात सोडलेला एक फुगाही असतो, माहितीये?

आपल्या घड्याळानुसार पहाटे आणि संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास जगभरातल्या शेकडो केंद्रांवरून हे फुगे उडतात. आपल्याकडे मुंबई, नागपूर, पणजीतूनही. रबरी फुगा, आत हायड्रोजन किंवा हेलियम, खाली दोरीला रेडिओसोंड नावाचं छोटं यंत्र. वर जाता जाता ते तापमान, हवेचा दाब आणि आर्द्रता कळवत राहतं. फुगा कुठे वाहत गेला, यावरून वारा समजतो. साधारण 30 किलोमीटरवर तो फुटतो.

आता गंमत बघा. खाली उबदार, दमट हवा आणि वर बरीच थंड हवा असली, की खालची हवा जोरात वर उसळते. ढग उंच वाढतात, मग विजा आणि गारा. हा थराथराचा हिशेब उपग्रहाला इतका बारीक मिळत नाही. फुगा मात्र प्रत्येक थरातून स्वतः जातो.

मार्च 2025 मध्ये अमेरिकेत माणसं कमी पडली, म्हणून ओमाहा आणि रॅपिड सिटी इथले फुगे थांबवले. तेही टोर्नेडोचा हंगाम तोंडावर असताना! सुपरकॉम्प्युटर होतेच, पण त्यांना द्यायची मोजणीच कमी झाली.

अंदाज चुकला की आपण लगेच मीम टाकतो. पण फुगा सोडायला माणूसच नसेल, तर ॲप तरी काय सांगणार?