औषधाची मात्रा आणि मोजमाप



तोळा, मासा आणि गुंज ही मापे या समाजातील ज्येष्ठांना नव्याने सांगावयास नकोत. आठ गुंजांचा मासा आणि बारा माशांचा तोळा हे गणित पेढीवर बसणाऱ्या मुलाला लहानपणीच येत असे. वैद्यही याच मापांनी औषध देत. पुढे १९५६ च्या कायद्यान्वये मेट्रिक वजने आली. १९५८ पासून ती टप्प्याटप्प्याने लागू झाली आणि १९६२ मध्ये व्यापारात सक्तीची झाली. पेढीवरील वजने बदलली. घरातील औषधाचा चमचा मात्र तोच राहिला.

गुंज म्हणजे साधारण १२० मिलिग्रॅम. तिच्या जागी मासा वाचला गेला, तर मात्रा आठपट होते. भस्मांच्या बाबतीत ही चूक जिवावर बेतू शकते. (ज्या बीवरून हे माप आले, ती गुंजही विषारीच!)

आता तापाच्या औषधाचे पाहू. पॅरासिटामॉल मुलाच्या वयापेक्षा वजनावरून देणे अधिक योग्य. दर किलोस एका वेळी १० ते १५ मिलिग्रॅम, दोन मात्रांत किमान चार ते सहा तासांचे अंतर आणि २४ तासांत चारपेक्षा अधिक मात्रा नाहीत, असा सामान्य प्रघात आहे. मूल १२ किलोचे असेल, तर १५ ने गुणून १८० मिलिग्रॅम होतात. येथवर गणित सोपे आहे. घोटाळा होतो तो बाटलीपाशी. एका बाटलीत ५ मिलिलिटरमध्ये १२० मिलिग्रॅम औषध असते, दुसरीत तेवढ्याच द्रवात २५०, तर थेंबांच्या लहान बाटलीत एकाच मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम. त्यामुळे तेच १८० मिलिग्रॅम पहिल्या बाटलीतून साडेसात मिलिलिटर, दुसरीतून सुमारे ३.६ आणि तिसरीतून केवळ १.८ मिलिलिटर होतात. आजीने सवयीने थेंबांच्या बाटलीतून साडेसात मिलिलिटर दिले, तर नातवाच्या पोटात ७५० मिलिग्रॅम, म्हणजे चौपटीहून अधिक औषध गेले. असे वारंवार झाल्यास यकृतावर गंभीर आघात होऊ शकतो. स्वयंपाकघरातील चमचेही सारखे नसतात. म्हणून बाटलीसोबत येणारे मापाचे टोपण किंवा सुई नसलेली सिरिंजच वापरावी.

मधुमेहाच्या रुग्णांनी तर अधिकच सावध राहावयास हवे. भारतात इन्सुलिन मिलिलिटरला ४० युनिट आणि १०० युनिट अशा दोन तीव्रतांचे मिळते. ४० ची सिरिंज लाल टोपणाची, १०० ची नारिंगी टोपणाची. लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये १०० चे इन्सुलिन २० च्या रेघेपर्यंत भरले, तर अर्धा मिलिलिटर, म्हणजे ५० युनिट शरीरात जातात. याउलट, नारिंगी टोपणाच्या सिरिंजमध्ये ४० चे इन्सुलिन तेवढ्याच रेघेपर्यंत भरल्यास मिळतात केवळ ८ युनिट. पहिल्या चुकीत रक्तातील साखर एकाएकी घसरून रुग्ण बेशुद्ध पडू शकतो, तर दुसरीत साखर वाढत राहते आणि दोष इन्सुलिनला दिला जातो. औषधाच्या दुकानातून कुपी घेतानाच तिच्या जोडीची सिरिंज मागून घ्यावी.

चौविहार पाळणारे काही रुग्ण सूर्यास्तापूर्वीच रात्रीचीही गोळी घेऊन टाकतात. श्रद्धा समजण्यासारखी आहे, परंतु दोन वेळांची मात्रा एकत्र घेणे हे मात्रा दुप्पट करणेच होय. डॉक्टरांना व्रताची कल्पना आधीच दिली, तर दिवसातून एकदाच घ्यावयाचे औषध अनेकदा निवडता येते. पर्युषणातील उपवासाच्या दिवशी इन्सुलिन नेहमीइतकेच घेणे धोक्याचे, आणि आपल्या मनाने ते बंद करणेही तितकेच धोक्याचे.

थायरॉइडच्या गोळीवर १०० मायक्रोग्रॅम लिहिलेले असते. एका मिलिग्रॅममध्ये हजार मायक्रोग्रॅम असतात, म्हणजे ती गोळी ०.१ मिलिग्रॅमची झाली. येथे दशांशचिन्हापूर्वीचे शून्य लिहिलेच पाहिजे. नुसते .५ लिहिले आणि टिंब पुसट उमटले, की वाचणारा ५ वाचतो, आणि मात्रा दहापट होते. चिठ्ठीवरील आकडा अस्पष्ट असेल, तर दुकानदाराने अंदाज बांधू नये; डॉक्टरांना दूरध्वनी करावा आणि तोवर रुग्णाने थांबावे.