हाडांची बँक
(रौप्यमहोत्सवानिमित्त सोसायटीच्या सभागृहात केलेल्या भाषणाचा मजकूर)



कमिटीने माझं नाव जाहीर केलं तेव्हा बऱ्याच जणांना वाटलं असेल, हे आता मुदत ठेवी आणि वारसनोंदणीवर बोलणार. मी बँकेवरच बोलणार आहे. फक्त ही बँक हाडांची आहे.

माझी मुलगी यंत्र अभियंता. ती अमेरिकेत फ्लोरिडामध्ये, मृत दात्यांच्या हाडांपासून मणक्यात बसवायचे तुकडे, म्हणजे इम्प्लांट, बनवणाऱ्या कारखान्यात डिझाइनचं काम करते. मी डॉक्टर नाही. तिच्याकडून समजलं आणि वाचून पडताळलं, तेवढंच सांगतो.

आधी हे लागतं कशाला ते पाहू. आपल्या दोन मणक्यांमध्ये एक गादी असते. ती झिजली किंवा सरकली की नस दबते, हाताला-पायाला मुंग्या येतात. बहुतेकांना औषध, व्यायाम आणि विश्रांतीनेच बरं वाटतं. थोड्यांना ऑपरेशन लागतं. गादी काढली की तिथे पोकळी राहते, म्हणून टेकू द्यावा लागतो. पुढे काही महिन्यांत वरचा आणि खालचा मणका त्या टेकूतून जुळून एकसंध होतात. याला फ्यूजन म्हणतात. स्क्रू आणि पट्टी फक्त तोवर धरून ठेवतात. खरं जोडण्याचं काम हाडच करतं.

हे शास्त्र जुनं आहे. १९११ साली न्यूयॉर्कमध्ये हिब्ज आणि अल्बी या दोन सर्जननी स्वतंत्रपणे मणके जोडण्याची शस्त्रक्रिया केली. तेव्हा मुख्य शत्रू होता मणक्याचा क्षय. अल्बी रोग्याच्याच नडगीचं हाड काढून पाठीत बसवत. स्वतःचं हाड आजही उत्तम मानतात, कारण त्यात जिवंत पेशी असतात. पण त्यासाठी दुसरी जखम करावी लागते. आमच्या सौभाग्यवतींच्या मानेचं ऑपरेशन झालं तेव्हा कमरेच्या हाडाचा तुकडा घेतला होता. मान लवकर बरी झाली, पण कंबर कित्येक आठवडे दुखत होती. भेटायला आलेल्यांना वाटायचं, ऑपरेशन कमरेचंच झालं!

दुसऱ्याचं हाड वापरायचं तर ते टिकवायला हवं. १९४९ साली अमेरिकन नौदलाने मेरीलँडमधल्या बेथेस्डा इथे टिश्यू बँक सुरू केली. तिथे हाड गोठवून वाळवण्याचं तंत्र वाढीला लागलं. अशा हाडातल्या पेशी आणि मज्जा काढून टाकलेली असते. त्यामुळे किडनी बसवलेल्या माणसासारख्या जन्मभर गोळ्या घ्याव्या लागत नाहीत. ते हाड म्हणजे एक मांडव. त्यावर रोग्याच्या स्वतःच्या हाडाचा वेल चढतो आणि हळूहळू जुन्याची जागा घेतो.

आता कारखान्याची गंमत ऐका. पोलादाचा कारखानदार हव्या त्या जाडीचा पत्रा मागवतो. हाडाच्या बाबतीत दात्याने जे दिलं त्यातूनच काम भागवायचं. मांडीचं हाड आडवं कापलं की आपोआप कडं मिळतं, मधली पोकळी निसर्गानेच ठेवलेली. त्या पोकळीत हाडाचा चुरा भरतात, म्हणजे मणके आरपार जुळतात. पण प्रत्येकाच्या हाडाची भिंत वेगळ्या जाडीची असते. म्हणून कधी दोन-तीन पातळ फळ्या एकमेकींना लावून, हाडाच्याच खिळ्यांनी ठोकून एक ठोकळा करतात. आपले जुने सुतार लाकडी खुंट्या ठोकायचे, तसंच.

मानेचा तुकडा असतो पाच ते बारा मिलीमीटर उंच, मिलीमीटर-मिलीमीटरच्या फरकाने. मानेला नैसर्गिक बाक असतो, म्हणून तो पुढून किंचित उंच, पाचरीसारखा. वर-खाली बारीक दाते, म्हणजे जागेवरून सरकत नाही. हे सगळं संगणकावर चालणाऱ्या यंत्रावर कापतात. मात्र हाड तापून चालत नाही. मग धुणं, वाळवणं आणि शेवटी गॅमा किरणांनी निर्जंतुक करणं. किरण कमी पडले तर जंतू राहतात, जास्त झाले तर हाड ठिसूळ होतं. मुलगी म्हणते, "बाबा, आमचं सगळं काम या दोन टोकांच्या मधलं आहे."

मला सर्वांत भावला तो त्यांचा हिशेब. आपल्या बँकेत तुम्ही भरलेली नोट तुम्हालाच परत मिळत नाही, सगळे पैसे एकत्र होतात. हाडांच्या बँकेत एका दात्याचं हाड दुसऱ्याच्या हाडात मिसळायला कायद्याने बंदी आहे. प्रत्येक दात्याचं खातं वेगळं, प्रत्येक तुकड्याला नंबर. एचआयव्ही, कावीळ बी आणि सी, सिफिलिस यांच्या तपासण्या आणि घरच्यांकडून विचारलेला वैद्यकीय इतिहास, ही त्यांची केवायसी. उद्या काही निघालं तर कुठला तुकडा कोणत्या हॉस्पिटलात गेला हे शोधता आलं पाहिजे.

यात ढिलाई झाली तर काय होतं तेही सांगतो. अॅलिस्टर कुक हे बीबीसीचे नामवंत पत्रकार २००४ साली न्यूयॉर्कमध्ये वारले. पुढच्या वर्षी उघड झालं की घरच्यांना न विचारता त्यांची हाडं काढून विकली गेली होती. वय पंचाण्णव, मृत्यू कर्करोगाने, आणि दोन्ही गोष्टी कागदावर बदललेल्या. पुढे २०२१ साली जिवंत पेशी ठेवलेल्या हाडाच्या एका उत्पादनातून अमेरिकेत शंभरावर रोग्यांपर्यंत क्षयाचे जंतू पोहोचले. पेशी जगवायच्या तर किरण मारता येत नाहीत. म्हणून सांगतो, संमतीचा कागद आणि तपासणीचा कागद ही कटकट नाही, तो रोग्याचा जीव आहे.

आपल्याकडे काय स्थिती आहे? मणक्यासाठी बरेच सर्जन टायटॅनियमचा किंवा पीक नावाच्या प्लास्टिकचा पिंजरा वापरतात, आणि तोही चांगला पर्याय आहे. कोणाला काय योग्य ते सर्जन ठरवतील. पण दात्याचं हाड इथे मिळत नाही असं नाही. मुंबईत टाटा मेमोरियलची टिश्यू बँक १९८८ पासून काम करते. किरणांनी निर्जंतुक करण्याची सोय आपल्या तुर्भ्याला १९७४ पासून आहे. हाडाच्या कर्करोगात, अपघातात, सांधा पुन्हा बदलताना हे हाड उपयोगी पडतं. मुंबईत, पुण्यात रोज खुब्याचे सांधे बदलले जातात. तेव्हा काढलेला हाडाचा गोळा एरवी कचऱ्यात जातो, पण रोग्याची संमती असेल आणि जवळ हाडांची बँक असेल तर तोही जमा करता येतो. म्हणजे जिवंतपणीही खातं उघडता येतं!

दानाची गोष्ट निघाली की आपण दधीची ऋषींचं नाव घेतो. त्यांनी हाडं दिली, विश्वकर्म्याने वज्र घडवलं. पण घरात विषय काढला की लोक विचारतात, देह अपुरा कसा न्यायचा? तर हाडं काढल्यावर आत आधार घालून देह नीट शिवतात. हात-पाय जसेच्या तसे दिसतात, अंत्यदर्शन आणि अंत्यविधी नेहमीसारखे होतात.

१९९४ च्या आपल्या अवयव प्रत्यारोपण कायद्यात २०११ च्या दुरुस्तीने ऊतींचाही, म्हणजे टिश्यूंचाही, समावेश झाला. विक्री हा गुन्हा आहे. मृत्यूनंतर संमती जवळच्या नातेवाइकांना द्यावी लागते, आणि वेळ मोजायची ती तासांत. त्या वेळी घरात रडारड असते, कपाटातलं कार्ड कोणाला सापडत नाही. ज्याला तुमची इच्छा माहीतच नाही तो "नको" म्हणून मोकळा होतो, आणि त्याचं चुकतं असंही नाही.

म्हणून माझी विनंती एवढीच. वारसनोंदणीचा फॉर्म आपण सगळ्यांनी भरलाय. आता एका रविवारी चहाच्या वेळी मुलासुनांना, लेकीजावयांना समोर बसवून आपली इच्छा स्पष्ट सांगा. होकार असो वा नकार, सांगा. आम्ही दोघांनी सांगितलं आहे. मुलगी फोनवर थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "बरं केलंत." सून मात्र लगेच म्हणाली, "आई-बाबा, हे लिहूनही ठेवा." बँकवाल्याच्या घरात आली आहे, शोभतं तिला!